नवी गोळी, जुनी लाँड्री

९ मार्च

प्रिय आत्या,

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर खोटं बोलायची सवय लागली आहे, म्हणून पत्र. "कशी आहेस?" "मजेत." झालं, संपलं. पत्रात 'मजेत' लिहिलं की खाली सगळा कागद कोरा दिसतो, मग काहीतरी खरं लिहावंच लागतं.

खरं असं, की गेले काही दिवस तुझ्या लाँड्रीची सारखी आठवण येते आहे. काल कामावर एका कवळीसाठी मेण वितळवत होते आणि त्या मेणाच्या वासात मला तुझ्या खळीचा वास आला. मेणाचा आणि खळीचा काही संबंध आहे का? पण आला. आणि मी त्या दातांच्या साच्यावर वाकून ढसाढसा रडले. आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, दात त्या म्हातारबुवांचे पडलेत, तू का सुतक धरतेस?" सगळ्या हसल्या. मीही हसले, नाक पुसत.

तुला आठवतं, तू सकाळी खाली बॉयलर पेटवायचीस आणि वरच्या खोलीची फरशी हळूहळू कोमट व्हायची? मी शाळेचे मोजे हातात धरून तिच्यावर अनवाणी उभी राहायचे. आई नव्हती, बाबा बदल्यांपायी गावोगाव, पण मला कधी बिनघरचं वाटलं नाही ते त्या फरशीमुळे. खाली आले की काचेवर वाफ धरलेली असायची आणि आपण दोघी तिच्यावर बोटाने गिऱ्हाइकांची तोंडं काढायचो. तू वकिलांचं नाक इतकं लांब काढलं होतंस की ते पुढच्या काचेवर गेलं होतं. आणि नेमके तेच दारात उभे!

इथे बाकी सगळं नेहमीसारखंच. नवरा जमीन मोजायला गेला की पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतो. लेक पहिलीत गेली, बोलते मात्र मुख्याध्यापकांसारखी.

तुझी भिंगरी

ता. क. पांढऱ्या चादरीवर रक्ताचा डाग पडला होता. धुतली, पण पिवळट खूण राहिली आहे. काय करू?


१७ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून शाई घालवत नाही.

आधी डाग. रक्ताला गरम पाणी कधी दाखवायचं नाही, डाग शिजतो आणि कापडात घर करतो. तू गरमच ओतलं असशील. अकरा वर्षं माझ्या हाताखाली काढलीस आणि शिकलीस काय, तर वकिलांचं नाक! आता मिठाच्या गार पाण्यात रात्रभर भिजव. तरी नाही गेला तर ती बाजू पायाकडे घे. पाहुणे काही पायाकडून चादर तपासत नाहीत.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा उभ्याने, एकदा बसून आणि एकदा इस्त्रीवाल्या मामांना मोठ्याने. मामा म्हणाले, "पोरगी हळवी झाली." मी म्हटलं, होऊ दे, इतकी वर्षं गेल्यावर कुणाला तरी या वाफेची आठवण येते हे काय थोडं आहे?

हळवी झालीस ती उगीच, की काही विशेष? स्पष्ट विचारते, मला आडून विचारता येत नाही. असेल तर जुन्या मऊ चादरींची दुपटी शिवायला घेते.

इथली बातमी अशी की शेजारचा ड्रायक्लीनवाला पुन्हा टेप घेऊन आला होता. आपली आणि त्याची मधली भिंत पाडली तर किती जागा होईल, याचं माप माझ्यादेखतच घेत होता. माझे गुडघे त्याच्या बाजूने बोलतात आणि मी माझ्या बाजूने. अजून हो म्हटलेलं नाही. मोठ्या चादरीची घडी मात्र आता एकटीने होत नाही. एक टोक दाराच्या कडीला अडकवते आणि दुसऱ्या टोकाने मी चालत येते. दाराशी गप्पा मारता येत नाहीत, एवढीच अडचण.

आत्या


२ एप्रिल

प्रिय आत्या,

विशेष काही नाही, दुपटी शिवू नकोस. कामावरही हाच संशय आहे. कवळीचं गुलाबी रसायन कालवायला घेतलं की मला मळमळतं. इतकी वर्षं तो वास नाकात मुरलेला आणि आता बाटलीचं झाकण उघडलं की मी दाराबाहेर. बायका एकमेकींना कोपराने ढोसतात. सांगून थकले की तसं काही नाही. सकाळी उठतानाच डोकं जड असतं, एवढंच.

तुझं ते दाराच्या कडीचं वाचलं आणि मला राहवेना. आत्या, आपण चादरीची टोकं धरून समोरासमोर उभ्या राहायचो, झटकायचो, मग एकमेकींकडे चालत यायचो. तू माझ्या हातातली टोकं घेताना दर वेळी काहीतरी विचारायचीस. पेपर कसा गेला? ती मैत्रीण बोलायला लागली का? एका चादरीला एक प्रश्न. माझं सगळं लहानपण तू असं घडी घालता घालता विचारून घेतलंस. आता मला असं कोण विचारतं?

हा विचारतो, नाही असं नाही. परवा घरी आला तेव्हा "काय होतंय तुला?" म्हणाला आणि मी एवढी अंगावर गेले की तो बाहेर जाऊन बसला. मग मी आत रडले. त्याचं बोलणं नको होतं, जवळ येणंही नको होतं. त्याचं काही चुकलेलं नाही, हे मला कळतं, आणि कळूनही राग येतो.

मी एक विचार करते आहे. अजून कुणाला सांगितलेला नाही. मी परत आले तर? लेकीला घेऊन, वरच्या खोलीत. तू काउंटरवर बस, बाकीचं मी बघते. ड्रायक्लीनवाल्याला इतक्यात हो म्हणू नकोस.

तुझी भिंगरी

ता. क. मीठपाण्याने डाग गेला. पण आता दुसऱ्या चादरीवर पडला आहे. रोज थोडं थोडं चालूच आहे, त्याला काही धरबंधच नाही.


९ एप्रिल

भिंगरे,

गुडघे दुखतात म्हणून, नाहीतर पत्र वाचून नाचलेच असते.

ड्रायक्लीनवाल्याला नाही म्हणून सांगितलं. त्याचा टेप गुंडाळून त्याच्या खिशात मी स्वतः घातला. "भाचीबाई येणार," म्हटलं, "भिंत आहे तिथेच राहील." त्याचं तोंड एवढंसं झालं. मामांनी वरची खोली रिकामी करायला घेतली आहे. तुझ्यामागे मी तिथे काय काय कोंबलं होतं! दांडे तुटलेल्या इस्त्र्या, कुणी न्यायला न आलेले कोट, एक तर पुढारी माणसाचा फेटा. खोलीला रंग काढते आहे. तुला आवडायचा तसाच, फिकट आकाशी.

शाळा इथे जवळच आहे. बाई चांगल्या आहेत, त्यांचे पडदे आपल्याकडेच येतात.

जावईबापूंचं काय ठरलं? तू त्यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्यास आणि चारही माझ्या घशाखाली उतरल्या नाहीत. लग्नाच्या वेळी त्यांनी स्वतःचा सदरा माझ्याकडे इस्त्रीला दिला आणि तो घ्यायला आले तेव्हा मामांना हात लावू न देता गठ्ठे उचलायला लागले. असा माणूस एकदम नकोसा का व्हावा? पण मी म्हातारी, मला काय कळतं? तू ये. आधी ये, मग बोलू.

किती दिवसांनी मी स्वतःसाठी काहीतरी मागितल्यासारखं वाटतं आहे.

आत्या


२१ एप्रिल

प्रिय आत्या,

राजीनामा लिहून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. त्या नव्हत्या, म्हणून वरून साचा ठेवला, उडू नये म्हणून. याला अजून काही बोलले नाही. तो मोजणीवरून परतला की सांगेन. चार दिवस जाऊन ये म्हणेल. चार दिवस नाही, कायमचं, हे सांगायची हिंमत गोळा करते आहे.

कामावर माझ्या हातून आता चुका व्हायला लागल्या आहेत. एका गुरुजींच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला. गुरुजी आरशात बघून म्हणाले, "हे कोण?" पूर्वी मला हसू आलं असतं. मी मात्र खुर्चीवर बसून रडत राहिले आणि त्या बिचाऱ्यांनीच मला पाणी आणून दिलं.

आकाशी रंगाचं वाचून तर पत्र छातीशी धरून बसले. आत्या, मी तिथे किती सुखात होते गं! एक दिवससुद्धा वाईट गेल्याचं आठवत नाही. मग मी गेलेच का?

डोकेदुखीची काळजी करू नकोस. डॉक्टरीणबाईंनी फेब्रुवारीत गोळी बदलून दिली, तिची असेल. पाळणा लांबवायची गोळी गं. लेक झाल्यापासून एकच घेत होते, ती दुकानात मिळेनाशी झाली म्हणून ही दुसरी. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तसे हिचे नऊ आठवडे झाले. बसेल अंगवळणी. ते काही एवढं सांगण्यासारखं नाही.

पुढच्या महिन्यात येते. चादरींवरचे डाग तिथेच आणते, तूच बघ.

तुझी भिंगरी


२८ एप्रिल

भिंगरे,

हे पत्र मी उलट टपालानेच लिहायला हवं होतं. दोन दिवस हातात पेन घेतलं आणि ठेवलं. का, ते शेवटी सांगते.

तुझी सगळी पत्रं काउंटरवर ओळीने मांडली. लाँड्रीवाली बाई आहे मी. चादर बघून मला घरातलं आजारपण कळतं, भांडण कळतं, नवीन बाळ कळतं. मग तुझे डाग मला का कळले नाहीत? कारण मी डाग कसा काढायचा एवढंच बघितलं, तो आला कुठून हे विचारलंच नाही. पाळीचा म्हणून सोडून दिला. पण फेब्रुवारीत गोळी बदलली, आणि मार्चपासून महिन्याच्या मध्येच डाग, सकाळचं डोकं, मळमळ, नवरा नकोसा आणि ऊठसूट रडणं. सगळं एकाच गठ्ठ्यातलं आहे गं. पांढऱ्या कपड्यांत एखादं नवं लाल फडकं चुकून गेलं की सगळा गठ्ठा गुलाबी होऊन निघतो. तुझ्या डोळ्यांपुढे आपली लाँड्री तशीच आली आहे.

एकही दिवस वाईट गेला नाही म्हणतेस? मग मी सांगते. सोड्याने तुझ्या बोटांना भेगा पडायच्या आणि तू पेन धरताना कळवळायचीस. उन्हाळ्यात बॉयलरशेजारी तुला घेरी यायची. तुझ्या अंगाला वाफेचा वास येतो म्हणून मुली शेजारी बसत नाहीत, असं सांगत एकदा संध्याकाळभर रडली होतीस. दातांच्या कामाच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला त्या दिवशी इस्त्री खाली ठेवून म्हणालीस, "आत्या, आता मी जन्मात हिला हात लावणार नाही." मला लागलं होतं, पण तुझं खरं होतं. दुरून डोंगर साजरे, भिंगरे. तू या डोंगरावर राहून गेलेली आहेस.

आता नीट ऐक. आधी डॉक्टरीणबाईंकडे जा आणि सगळं सांग. डोकं आणि डाग एवढंच नाही, रडणं आणि नवऱ्यावरचा रागही सांग. ते सांगण्यासारखं नाही असं तुला वाटतं, तेच आधी सांग. आपल्या मनाने मध्येच गोळी सोडू नकोस, नाहीतर मला खरोखरच दुपटी शिवावी लागतील. गोळीचं काहीच नसेल तर तसं त्याच सांगतील, मी काही डॉक्टर नाही. राजीनामा परत घे. जावईबापूंना गोळीचं सांग, निघून जायचं सांगू नकोस.

त्यानंतर दोन-तीन महिने जाऊ देत. मन थाऱ्यावर आल्यावरही यावंसं वाटलं, तर ये. खोली तुझीच आहे.

आणि दोन दिवस का लागले? मला तू इथे हवी आहेस. गप्प बसले असते तर तू आली असतीस. पेन ठेवत होते ते म्हणून.

आत्या


१९ जुलै

प्रिय आत्या,

एवढे दिवस लिहिलं नाही. आधी लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि नंतर लिहायचं धाडस होईना.

डॉक्टरीणबाई मला रागावल्या. म्हणाल्या, डोकं, मळमळ, मधले डाग पहिले काही महिने होऊ शकतात, पण मन असं खचत असेल तर लगेच सांगायला यायचं, वाट बघत बसायचं नाही. त्यांनी दुसरी गोळी दिली. कुणाला कुठली मानवेल हे आधी सांगता येत नाही, म्हणाल्या. रात्री जेवणानंतर घेते. आधी डाग थांबले, मग मळमळ गेली, आणि मग एका सकाळी उठले तर डोकं इतकं हलकं होतं की मला काहीतरी विसरल्यासारखं वाटलं.

याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, मीच तुला नकोसा झालो." आत्या, तीन महिने तो हे मनात घेऊन जमिनी मोजत फिरत होता. मग आम्ही दोघंही रडलो, पण ते बरं रडणं होतं. राजीनाम्याचं विचारलं तर मोठ्या बाई म्हणाल्या, "कसला कागद? मी साचा उचलला, खाली काही बघितलं नाही." आणि त्यांनी ड्रॉवरला कुलूप लावलं.

आता जे लिहायला एवढे दिवस लागले ते. आत्या, मी येत नाही. आठवड्यामागून आठवडा वाट बघितली, यावंसं वाटेल म्हणून. वाटलं नाही. तू ड्रायक्लीनवाल्याला नाही म्हटलंस, खोलीला रंग दिलास, मामांना सांगितलंस. हे सगळं माझ्या शब्दावर, आणि शब्द एका गोळीचा निघाला. तुझ्यापुढे कुठल्या तोंडाने येऊ?

आणि एक विचित्र सांगते, हसू नकोस. बरी झाले तशी आठवण फिकट झाली. ती कोमट फरशी आठवते, पण आता पायांना लागत नाही. खळीचा वास आठवायला जाते तर मेणाचाच येतो. मार्चमध्ये मी कामावर बसून त्या खोलीत उभी होते, खरोखर उभी होते. ती मी होते, की गोळी? गोळीच असेल, तर मला तुझ्याबद्दल खरं वाटतं ते कुठलं? हा प्रश्न डॉक्टरीणबाईंना विचारण्यासारखा नव्हता, म्हणून तुला विचारते.

तुझीच,
भिंगरी


३० जुलै

भिंगरे,

कुठल्या तोंडाने म्हणजे? आहे त्याच तोंडाने ये. बाकीची तोंडं आपण काचेवर काढली होती.

तू बरी झालीस. पत्रातलं मला हवं ते पहिल्या पानावरच मिळालं, पुढचं मी सावकाश वाचलं. वाईट वाटलं का? वाटलं. भिंतीवरचा आकाशी रंग बघून दोन दिवस जेवण गेलं नाही. तुझ्यापासून लपवून काय करू? पण तू आली असतीस, इथे बरी झाली असतीस आणि मग कुठेतरी डिसेंबरात खाली बॉयलरशी उभी राहून विचारलं असतंस, मी इथे काय करते आहे? तेव्हा मी काय सांगणार होते? आत्याबाईला मिशा असत्या तर, असं म्हणत बसण्यात अर्थ नाही. मी चांगली आत्याबाईच आहे, बिनमिशांची.

ड्रायक्लीनवाला काही टेप फेकून बसला नव्हता. मी बोलावलं, आला. खालचं दुकान त्याला दिलं, वरच्या खोलीत मी राहते. मामांना त्याने कामावर ठेवून घेतलं, ते मी आधीच वदवून घेतलं होतं. पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येते. लेकीला सांग, मुख्याध्यापकांनी माझ्यासाठी वेळ राखून ठेवावा.

तुझ्या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. माझं शिक्षण काय ते तुला माहीत आहे, तेव्हा जसं सुचलं तसं सांगते. रडू त्या गोळीने आणलं असेल. पण रडायला आपली लाँड्रीच का आणली? बॉयलर पेटला की फरशी कोमट होते, हे गोळीला कुणी सांगितलं? चादरीमागे एक प्रश्न मी विचारायचे, हे मलाही माहीत नव्हतं. तुझं पत्र वाचून कळलं. ते सगळं तुझ्यातच होतं, एरवी झाकलेलं असतं, एवढंच. झाकलेलंच बरं. नाहीतर माणसाने कामं कधी करायची?

काल किल्ल्या दिल्या. ठरवलं होतं की द्यायच्या आणि सरळ वर निघून जायचं. ड्रायक्लीनवाल्याने विचारलं, "बाई, बॉयलर कसा बंद करायचा?" मी दाखवायला गेले. आधी हा व्हॉल्व्ह, मग तो, मग थोडं थांबायचं, वाफ जाऊ द्यायची. ती गेली. सगळं इतकं शांत झालं की मला, बहिरीला, ती शांतता ऐकू आली. आणि मग मी त्या परक्या माणसासमोर, रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्यांच्या देखत, पदर तोंडाला लावून रडले. तुझ्यासारखी, ढसाढसा.

तो घाबरला. म्हणाला, "बाई, काही औषध चालू आहे का तुमचं?"

नाही रे बाबा, म्हटलं. मी कुठलीच गोळी घेत नाही.

आत्या